मदत हवी आहे : रीफ टँकमधला तपकिरी चिकट थर, डायनोच (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशी सूक्ष्मजीव) ना?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा समुद्री टँक आहे, 200 लिटरचा. वाळूवर आणि खडकांवर शेंबडासारखा तपकिरी थर धरलाय. दुपारपर्यंत त्याला तारा सुटतात, टोकाला हवेचे बुडबुडे. रात्री लाइट बंद केले की वाळू बऱ्यापैकी स्वच्छ, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टर्बो गोगलगायी सुस्त पडल्यात, काही मेल्याही.

डायटम (नव्या टँकमध्ये येणारं तपकिरी शैवाल) म्हणावं तर टँक जुना आहे, पाणीही आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार आणि डायटमला लागणारं सिलिकेट काढलेलं. सायनो (सायनोबॅक्टेरिया) असता तर सलग पापुद्रा सोलून निघाला असता. थोडा थर बाटलीत जोरात हलवून कॉफी फिल्टरमधून गाळला आणि उजेडात ठेवला, तर तासाभरात पुन्हा तारा जुळल्या, म्हणजे डायनोच वाटतो! नायट्रेट-फॉस्फेट (पाण्यातली पोषकद्रव्यं) दोन्ही 0. दुकानदार म्हणतो, पाणी बदलत राहा. मला ते उलटंच वाटतं, डायनोला असंच उपाशी पाणी मानवतं.

नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास आणून कोणाचा डायनो आटोक्यात आलाय का? यूव्ही (पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा) घ्यावा का? डायनोतला ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार रात्री पाण्यात सुटतो, त्याला यूव्ही लागू पडतो. अँफिडिनियम हा दुसरा प्रकार वाळूतच दडून बसतो, मग खर्च फुकट. मुंबई-ठाण्यात कोणाकडे मायक्रोस्कोप असेल तर प्रकार ओळखायला नमुना घेऊन येतो.