लिंकनच्या जाहीरनाम्याचं स्वागत कुठलं, अमेरिकेच्या निम्म्या उत्तरेनेच बोंब मारली होती

एकाने लिहिलंय की अमेरिकेच्या यादवी युद्धात अध्यक्ष लिंकनने गुलाम मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि त्याच्या बाजूची सगळी उत्तरेकडची राज्यं खूश झाली. अहो, एवढं सरळ नव्हतं ते. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईनंतर आधी नुसता इशारा दिला की बंडखोर दक्षिणेतले गुलाम १ जानेवारीपासून मुक्त करणार, तर लगेच त्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या निवडणुकीत लिंकनच्या पक्षाला चांगलाच दणका बसला, खुद्द त्याच्या इलिनॉयमध्ये विधिमंडळ विरोधकांकडे गेलं आणि त्यांनी जाहीरनाम्याच्या निषेधाचा ठरावच केला. लंडनचे पेपरवाले वेगळंच हसत होते, की जिथे लिंकनचं राज्य चालत नाही तिथले गुलाम मोकळे आणि केंटकी, मेरीलँडसारख्या आपल्या बाजूच्या राज्यातले तसेच. मुद्दा खोटा नव्हता म्हणा. पण मँचेस्टरच्या गिरणी कामगारांचं मला कौतुक वाटतं, युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद म्हणून चूल पेटायची मारामार आणि तरी ३१ डिसेंबरला सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं! (त्याच टंचाईत आपल्या मुंबईचे कापूसवाले गब्बर होत होते, ते वेगळं.)

आणि १ जानेवारी १८६३ ची रात्र बघा, बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये फ्रेडरिक डग्लस (स्वतः गुलामीतून सुटलेला, गुलामीविरोधी चळवळीचा पुढारी) आणि खच्चून भरलेलं सभागृह जाहीरनाम्यावर सही झाल्याच्या तारेची वाट बघत बसलंय, आठ वाजले, नऊ वाजले, तार काही येईना, लोकांना वाटायला लागलं की लिंकनने माघार घेतली. शेवटी रात्री उशिरा बातमी आली तेव्हा माणसं ओरडत होती, रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती.