विषय: ऑक्टोबरचा पिक्चर – 'स्वीट लँड' चालेल का?

प्रेषक: बंड्या (सिनेमा कमिटी)

मंडळी नमस्कार,

मंडळाच्या ऑक्टोबरच्या शोसाठी दर वर्षीसारखी मराठी पिक्चरची शोधाशोध चालू होती, पण या वेळी जरा वेगळंच सुचवतोय. 'स्वीट लँड', २००५ चा, इंडिपेंडंट, आणि आपल्या मिनेसोटा राज्यातलाच, इथे अमेरिकेतला. इथल्याच मॉन्टेव्हिडिओ गावाच्या आसपास शूट केलाय, हायवे सात धरून पश्चिमेला सुटलो की अडीचेक तासांत आपण तिथे. दिग्दर्शक अली सेलिम, आधी जाहिराती करायचा, हा त्याचा पहिलाच मोठा सिनेमा आणि याला पहिल्या फीचरचं इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड मिळालं.

गोष्ट १९२० ची. ओलाफ नावाचा नॉर्वेजियन शेतकरी, एकटा जीव. तिकडे नॉर्वेत आईबापांनी परस्पर लग्न ठरवलं आणि मुलगी पाठवून दिली. ही इंगे गाडीतून उतरते, सोबत ग्रामोफोन, आणि मग कळतं की बाई जर्मन! पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. लुथेरन (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चचा पास्टर, तिथला धर्मगुरू, लग्न लावायला नाही म्हणतो, कोर्टात जावं तर कागदपत्रं अपुरी. म्हणजे लग्न ठरलंय, नवरी दारात आलीय, आणि लग्न लागत नाही. पुढचं सांगत नाही. ११० मिनिटं, मुलांना चालेल.

– बंड्या

प्रेषक: नाना

बंड्या, हेतू चांगला असेल पण मंडळाच्या हॉलमध्ये चर्चचा सिनेमा कशाला? शेजाऱ्याच्या आग्रहाखातर मी तो 'फायरप्रूफ' बघितलाय, फायर ब्रिगेडवाल्याचा. जॉर्जियातल्या एका चर्चनं पाच लाख डॉलरमध्ये काढला आणि तीन कोटींच्या वर धंदा केला म्हणे. नवरा बायकोवर खेकसतो, मग देवाकडे वळतो, मग सगळं सुरळीत, हे मला पहिल्या वीस मिनिटांतच कळलं होतं, पुढे नुसता घड्याळाकडे बघत बसलो. शिवाय कोणी म्हणेल मंडळ प्रचार करतंय. त्यापेक्षा जुना एखादा कृष्णधवल लावा.

– नाना

प्रेषक: सॅमदादा

नाना, राग बरोबर आहे, पत्ता चुकलाय. 'फायरप्रूफ'सारख्या पिक्चरमध्ये अडचण येते ती प्रार्थनेनं सुटण्यासाठी. इथे अडचण चर्चच्या दारातच उभी आहे. आणि तो पास्टर (जॉन हर्डनं काय केलाय!) व्हिलन नाही हो. घाबरलेला माणूस आहे, आपली माणसं सांभाळायची म्हणून घट्ट झालेला. ती भीती हवेतली नव्हती. १९१७ मध्ये या राज्यानं युद्धकाळात लोकांवर नजर ठेवायला पब्लिक सेफ्टी कमिशन काढलं, पुढच्या वर्षी परदेशी नागरिकांना नाव-गाव-मालमत्ता सगळं नोंदवायला लावलं, आणि न्यू उल्म या जर्मन वस्तीच्या गावातल्या मेयरला गव्हर्नरनं पदावरून काढलं. अशा दिवसांत जे स्वतःच घरात आणि चर्चमध्ये नॉर्वेजियन बोलायचे, त्यांनी जर्मन नवरीला जवळ करणं म्हणजे संशय ओढवून घेणं.

हे मला कुठेतरी वाचून कळलेलं नाही असं म्हणेन. मी नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे चर्चला अजूनही काही म्हातारी माणसं देऊळ म्हणतात, उपासनेला पेटी-तबला असतो, ना. वा. टिळकांची भजनं असतात, आणि चर्चच्या सभासदांना म्हणतात 'मंडळी', त्यामुळे तुमच्या मेलवर 'मंडळी नमस्कार' दिसलं की मला आधी पाळकसाहेबच आठवतात. तर आम्ही प्रोटेस्टंट, माझ्या आत्यानं कॅथलिक मुलगा पसंत केला आणि पाळकसाहेब म्हणाले लग्न लावणार नाही. दोघंही ख्रिस्तीच, पण नाही. दोन वर्षं आत्या घरात बसून राहिली. आजी मात्र शांत, म्हणायची टिळकांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, काय काढलंय ते बघ. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, मधली वर्षं त्या बाईनं कुणाच्या ताटात कुणी जेवायचं या प्रश्नावर काढली. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना हा पिक्चर परका वाटणार नाही, उलट लक्ष्मीबाई थिएटरात असत्या तर मोठ्यानं हसल्या असत्या.

– सॅम

प्रेषक: माई (रोचेस्टर)

मी बघितलाय हा, लेकीनं लावून दिला होता. जर्मन-नॉर्वेजियन बोलतात तिथे खाली इंग्रजी पट्टी येत नाही. लेक म्हणाली अगं काही कळत नाहीये, म्हटलं तेच तर आहे ना. मी १९७४ च्या जानेवारीत आले, हे त्याआधी दोन वर्षं इथे एकटे, पत्रिका जुळवून लग्न, आमची ओळख सगळी मिळून अकरा दिवसांची. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, खिडकीतला माणूस मान हलवतोय आणि मी 'यस यस' म्हणतेय. त्यामुळे इंगे ऑफिसात उभी राहून एकाकडून दुसऱ्याकडे बघते ना, तेव्हा माझा चहा गार झाला.

आणि कॉफी! पास्टर तिच्या काळ्या कॉफीवरसुद्धा बोट ठेवतो. नव्या सुनेचं पहिलं काय काढतात तर चहा, ते लुथेरन असोत की आपले पुण्याचे.

ओलाफ मला फार आवडला. तिला घरात झोपायला देतो आणि स्वतः गोठ्यात जाऊन झोपतो, बोलत काही नाही. आमचे हेही असेच, पहिला महिना सोफ्यावर. (हे इथे वाचत नाहीत म्हणून लिहिलं.)

– माई

प्रेषक: नाना

काल रात्री बघितला. एकट्यानं, कारण मत द्यायचं तर बघून द्यावं.

सॅम, तुझं देवळाचं बरोबर आहे पण मला वेगळंच लागलं. मी शेतकऱ्याचा पोरगा. चर्चमध्ये बसू देत नाहीत, नको देऊ देत, माणूस घरी प्रार्थना करेल. पण गाव पाठ फिरवतं आणि ती दोघं पीक हातानं काढतात, तिथे मी उठून बसलो. त्या काळी इकडे मळणीचं यंत्र दहा-बारा शेतकऱ्यांत मिळून असायचं, आज तुझ्या खळ्यावर, उद्या माझ्या, बायकांनी सगळ्यांचं जेवण करायचं. आमच्याकडे याला सावड म्हणतात. सावडीतून काढलं की संपलं, पाऊस काही थांबत नाही तुझ्यासाठी. माझ्या लहानपणी एका घराला असं काढलेलं बघितलंय, कारण काय होतं ते मला आजही नीट माहीत नाही, पण त्यांची ज्वारी कणसात काळी पडली हे आठवतं. आमच्या वडिलांनी बैल दिले नाहीत. देता आले असते.

म्हणून तो लिलावाचा सीन. शेजाऱ्याचं शेत बँक विकायला काढते, सगळं गाव खाली मान घालून उभं, आणि ज्याला कुणी मदत केली नाही तोच ओलाफ बोली लावतो. खिशात काही नसताना! मी एकटाच होतो तरी टाळी वाजवली, हे कुणाला सांगू नका.

पिक्चर थोडा हळू आहे, म्हातारपण-तरुणपण मागेपुढे करतात तिथे माझा गोंधळ झाला, नातू शेत विकणार की नाही हे जरा ताणलंय. पण लावा. हरकत मागे.

– नाना

प्रेषक: बंड्या (सिनेमा कमिटी)

ठरलं मग. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, दुपारी तीन, नेहमीचा हॉल. स्क्रीनिंगच्या परवानगीचं मी बघतोय. सॅमदादा, सुरुवातीला पाच मिनिटं बोलाल का, पाच म्हणजे पाचच. माई, रोचेस्टरहून येताना कुणाची तरी राइड घ्या, आणि काकांना आणलंत तर ती सोफ्याची मेल कुणी त्यांना दाखवणार नाही. पोहे आणि मक्याचे वडे पॉटलकला (प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा) हवेत, नावं कळवा. कॉफी या वेळी मी करणार, दूध बाजूला ठेवीन.

नाना, खुर्च्या लावायला दोनला या. यंदा पोरं मिडटर्ममुळे येणार नाहीयेत, आपण पाच जणच आहोत.

– बंड्या