आर्क्टिक रूट चालू झाला तर न्हावा शेवाचं काय?

पनवेलचा_फॉरवर्डर: 2025 मधे इस्तंबूल ब्रिज नावाचं कंटेनर जहाज चीनच्या निंगबोवरून रशियाच्या डोक्यावरून, म्हणजे आर्क्टिक समुद्रातून, 20 दिवसांत इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात पोचलं ना, तेव्हापासून आमचे साहेब म्हणतायत सुएझ संपलं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथींमुळे 2023 च्या शेवटापासून आफ्रिकेच्या टोकाला केपचा वळसा घालून आमचे पार्टीवाले आधीच वैतागलेत, तर आपला युरोपचा माल पण वरून जाईल का कधी?

भाऊचा_धक्का: साहेबांना नकाशा दाखव रे. योकोहामा ते रॉटरडॅम सुएझने 11,200 सागरी मैल, वरून 7,300 च्या आसपास, फायदा त्यांचा. मुंबई ते रॉटरडॅम सुएझने साडेसहा हजाराच्या आत. आपण वरून जायचं म्हणजे सिंगापूर, मग जपान, मग रशिया-अलास्कामधली बेरिंग सामुद्रधुनी, आणि नुसतं बेरिंगला पोचेपर्यंत रॉटरडॅमपेक्षा जास्त मैल होतात 😂

चीफऑफिसर_डोंबिवली: आणि चायनाला तरी कुठे सोपंय. लायनर धंदा, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची नियमित कंटेनर सेवा, चालतो फिक्स शेड्यूलवर, बर्फाला शेड्यूल कोण सांगणार, त्यात बर्फात चालेल असं मजबूत आइस क्लास जहाज पाहिजे, परवानगी रशियाच्या सरकारी अणुकंपनी रोसाटॉमकडून, आइसब्रेकरचे पैसे वेगळे, विमा वेगळा, आणि वाटेतली सान्निकोव्ह सामुद्रधुनी इतकी उथळ की 20 हजार टीईयूवालं (20 फुटी कंटेनरच्या हिशोबात) भरलेलं जहाज तिकडून जाणारच नाही. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने 2018 ला व्हेंटा मर्स्क जहाज पाठवून बघितलं आणि हा आत्ता तरी कमर्शियल पर्याय नाही म्हणून मोकळे झाले. पुतिन साहेबांचं टार्गेट होतं 2024 पर्यंत या मार्गाने वर्षाला 80 दशलक्ष टन माल, झाले 38 च्या आतबाहेर, त्यातही बराचसा त्यांचाच उत्तरेकडच्या यामाल भागातला गॅस नि तेल. माझ्या मते हा हायवे नाहीच, रशियाच्या मागच्या अंगणातली एक्स्पोर्टची वाट आहे.

भाऊचा_धक्का: मग दिल्लीला एवढा इंटरेस्ट कशाला? 2013 पासून आर्क्टिक देशांच्या आर्क्टिक कौन्सिलमधे ऑब्झर्व्हर, 2022 ला आर्क्टिक पॉलिसी, चेन्नई-व्लादिवोस्तोक सागरी मार्ग वगैरे

चीफऑफिसर_डोंबिवली: तेल, गॅस, कोळसा. आणि चीनने 2018 मधे पोलर सिल्क रोड, म्हणजे आर्क्टिकमधून स्वतःचा व्यापारी मार्ग, जाहीर केल्यावर तिथे आपली खुर्ची नको का. चेन्नई-व्लादिवोस्तोक तर आर्क्टिकच्या बर्फाच्या बऱ्याच दक्षिणेला संपतो, तो चालला तर चेन्नईवाल्यांचा फायदा.

आपल्या पोरांना खरा चान्स जहाजावरच्या नोकरीत आहे. ध्रुवीय समुद्रात काम करायचा, पोलर वॉटर्सचा बेसिक, मग अॅडव्हान्स्ड कोर्स करून ठेवा. फक्त साइन ऑन करायच्या (जहाजावर रुजू व्हायच्या) आधी जहाज सँक्शन लिस्टमधे, म्हणजे निर्बंधांच्या यादीत, आहे का बघा, निर्बंध असलेल्या आर्क्टिक एलएनजी 2 या रशियन गॅस प्रकल्पाच्या टँकरवर एजंट दुप्पट पगार सांगेल तरी.