मदत हवी आहे: हायलक्सला मॅन्युअल लॉकिंग हब, आणि व्हील कॅपचं काय करू?

नमस्कार मंडळी. गाडी 1994 ची टोयोटा हायलक्स, डबल कॅब, मस्कतमध्ये. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (एकसंध आडवा कणा), चाकाला 6 स्टड, पीसीडी (स्टडच्या वर्तुळाचा व्यास) 139.7 मिमी, शाफ्टला 30 स्प्लाइन (खाचा). सध्या हबवर नुसती ड्राइव्ह फ्लँज (शाफ्ट आणि चाक कायम जोडून ठेवणारी चकती) आहे, त्यामुळे 2एचमध्येही (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हाही) पुढचे शाफ्ट फिरतच राहतात. म्हणून आयसिन कंपनीचे जुने, पण चांगल्या स्थितीतले मॅन्युअल हब घेतले; यात डायल हाताने फिरवून चाक शाफ्टपासून सोडता-जोडता येतं.

डाव्या बाजूला बसवून पाहिलं. फ्लँजचे कोन वॉशर (शंकूच्या आकाराचे) पितळी हातोडीने ठोकून सुटले. शाफ्टच्या टोकाला एम8 बोल्ट लावून शाफ्ट बाहेर ओढला, त्याला जागेवर धरणारी सर्कलिपही नीट बसली. हाताने फिरवून फ्री आणि लॉक दोन्ही तपासलं, ठीक आहे. पण हब ज्या स्टडवर बसतो तिथे नटला जेमतेम चार आटे मिळतात, आणि मला ते पुरेसे वाटत नाहीत. वाळूत पूर्ण ताण तिथेच येणार.

दुसरी अडचण कॅपची. अलॉय व्हीलची मूळ प्लास्टिक कॅप हबच्या डायलवर अडते. एका जुन्या कॅपला होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावला तर क्लिपपाशी तडा गेला. कॅप शोभेचीच आहे हे कबूल, पण चारही चाकं सारखी दिसावीत असं मनापासून वाटतं. माझ्याकडे ड्रिल आणि कानस आहे, लेथ नाही. व्हील बदलायची नाहीत, स्पेसरही नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: हबला लांब स्टड लागतात का, लागत असतील तर किती मिमीचे? आणि कॅप न तडकता कशी कापायची?