मदत हवी आहे: ॲक्सेस पॉइंट जोडला, पण मोबाइल जुन्या सिग्नललाच चिकटून राहतो

नमस्कार मंडळी. राउटर खाली हॉलमध्ये आहे आणि वरच्या मागच्या खोलीत वायफाय जेमतेम पोचतं. आधी रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लावून पाहिला, पण त्याने स्पीड जवळजवळ निम्मा झाला. एकाच रेडिओवर घेणं आणि पुढे पाठवणं, म्हणजे तसं होणारच. म्हणून आता कॅट ६ (नेटवर्कची) केबल वर ओढली आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून येणारं नेट वायफायने देणारं यंत्र म्हणून जोडला. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, देणारी सोय) बंद केलं, त्याला आयपी १९२.१६८.१.२ दिला, केबल वॅन (इंटरनेटच्या) ऐवजी लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टात लावली. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार सारखाच, २.४ गिगाहर्ट्‌झवर खाली चॅनल १, वर ६.

वर स्पीड उत्तम मिळतो. पण खालून चालत वर गेलं की मोबाइल खालचाच क्षीण सिग्नल धरून बसतो. वायफाय बंद करून चालू केलं की लगेच वरचा पकडतो. घरून काम करतो, त्यामुळे मीटिंगमध्ये याचा फार त्रास होतो.

कुठला सिग्नल धरायचा हे मोबाइलच ठरवतो, हे ठाऊक आहे. मग खालच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर कमी करून फरक पडेल का? की ८०२.११के आणि व्ही (मोबाइलला चांगल्या सिग्नलकडे वळायला मदत करणारी वायफायची मानकं) असलेले दोन एकसारखे ॲक्सेस पॉइंटच घ्यावेत? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.