मदत हवी आहे: मांजरीचं स्पे (मादीच्या नसबंदीचं) ऑपरेशन शनिवारी आहे, आधी आणि नंतर काय बघायचं?

दुसरा_मजला
नमस्कार मंडळी. देशी मांजर, साडेसहा महिने, वजन 2.4 किलो. ट्रायकॅट या मांजरांच्या लसीचे दोन्ही डोस आणि रेबीजची लस झाली आहे. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा माजावर आली होती (रात्रभर ओरडणं, फरशीवर लोळणं), आता शांत आहे. ऑपरेशन शनिवारी सकाळी 10 ला. डॉक्टर म्हणाले, रात्री 10 नंतर खायला देऊ नका. बारा तास उपाशी जास्त नाही का? आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर बरी की अंगात कपडा? घरात नसबंदी झालेला एक बोकाही आहे.

भाटी
भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, म्हणून पोट रिकामं हवं. पण एवढ्या लहान जिवाला फार वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते. या वयाला साधारण सहा तास पुरतात. रात्री 10 ची वेळ बहुधा सोयीसाठी सांगतात, पहाटे 4 ला उठून कोण खायला घालणार! उद्या फोन करून विचारा, "पहाटे 4 ला थोडं दिलं तर चालेल का?" मनाने मात्र बदल करू नका. पाणी सकाळपर्यंत चालतं.

बोक्याची वाटी रात्रीच उचला, कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा. तरी काही खाल्लंच तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन पुढे जाईल, एवढंच.

माज उतरलाय ते उत्तम. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. पुन्हा दोन-तीन आठवड्यांत माज येतो, तेव्हा शनिवार टाळू नका. मधल्या काळात घराबाहेर निसटली असेल तर तेही सांगा.

रक्ततपासणी (सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, किडनी, लिव्हर) करणार का, चीर पोटावर की कुशीला, टाके विरघळणारे की काढायचे, रात्री कुणाला फोन करायचा, एवढं आधी विचारून ठेवा. नेण्याची पेटी आजच हॉलमध्ये उघडी ठेवा, आत तिचं रोजचं फडकं.

शेपूट
माझ्या मते जखमेपेक्षा पहिली रात्र अवघड. भूल उतरताना तोल नसतो, म्हणून सोफा, खिडकी, कपाट सगळं बंद. छोट्या खोलीत जमिनीवर अंथरूण. अंग गार पडतं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. नीट चालायला लागल्यावर घोटभर पाणी, मग नेहमीच्या पाव भाग खाणं. वाटी भरून दिलीत तर ओकेल.

दर दोन तासांनी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढुरक्या दिसल्या आणि मांजर मलूल असेल तर सकाळची वाट बघू नका, आत रक्तस्राव असू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचं: माणसांची गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. ती पचवायची सोय त्यांच्या यकृतात जवळजवळ नसते; रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं. वेदनेसाठी डॉक्टर मेलोक्सिकॅम देतील, तेच, त्यांनी दिलेल्या मापानेच. जखमेला डेटॉल नको, हळद नको. त्या खोलीची फरशी फिनाइलने पुसू नका.

शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी फाडलेला पेपर. गुठळी होणारी वाळू टाक्यांना चिकटते. शू 24 तासांत व्हायला हवी, शी दोन-तीन दिवस नाही झाली तरी चालतं.

भाटी
कॉलर की कपडा? कॉलर. नाकाच्या टोकापुढे दोन बोटं येईल एवढी, मागे बोट शिरेल एवढी सैल. मऊ कापडी कॉलर दुमडून मांजर टाक्यांपर्यंत पोचतंच.

शेपूट
असहमत. कॉलरमुळे काही मांजरं जेवण सोडतात. लहान बाळाच्या लेगिंगचा पाय कापा, पुढे दोन भोकं पुढच्या पायांना, मागे दोन मागच्या पायांना. मागची कड शू करायच्या जागेच्या पुढेच संपायला हवी, नाहीतर कपडा ओला होऊन जखम भिजते. ओला झाला की लगेच बदला, म्हणून दोन शिवा. कपडा घालून ती कडेला पडून राहील, घाबरू नका, तासाभरात चालते. चाटताना दिसली तर मग कॉलरच.

दुसरा_मजला
ऑपरेशन झालं, आज चौथा दिवस. खाते-पिते. टाक्यांखाली वाटाण्याएवढी गाठ लागते, आणि बोका तिच्यावर फिस्कारतोय.

भाटी
घट्ट, न दुखणारी, लाल नसलेली गाठ बहुतेकदा आतल्या टाक्याभोवतीची सूज असते, काही आठवड्यांत जिरते. मऊ असेल, दाबल्यावर आत जात असेल किंवा रोज वाढत असेल तर हर्निया असू शकतो, आजच दाखवा. वास, पू, 24 तास अन्नाला तोंड न लावणं, हेही तसंच. जखम उघडून आतलं दिसलं तर सलाईनने भिजवलेलं स्वच्छ कापड ठेवा आणि थेट दवाखाना.

बोक्याला दवाखान्याचा वास खटकतोय. एकाच फडक्याने दोघांना आळीपाळीने पुसा, टाके निघेपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा. ते साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर उड्या आणि अंघोळ बंद.

शेपूट
आणि वाटी दिवसभर भरून ठेवायची सवय आत्ताच मोडा. नसबंदीनंतर भूक वाढते, गरज मात्र घटते. खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून द्या. अजून वाढतं वय आहे, तेव्हा लगेच कपात नको. महिन्याला वजन करून बघा.