मदत हवी आहे: राइटिंग सेंटरवाले पेपर तपासून देतच नाहीत!

लेट_लतीफ:
सोमवारी पेपर द्यायचाय आणि त्याच आठवड्यात त्यावर प्रेझेंटेशन पण आहे. प्रोफेसरने ड्राफ्टवर एवढंच लिहिलंय की राइटिंग सेंटरला, म्हणजे कॉलेजात लिखाणाला मदत करतात तिथे, जाऊन ये. गेलो. तिथली पोरगी माझ्याच वयाची असेल, तिने मलाच माझा पेपर मोठ्याने वाचायला लावला आणि मग विचारते, या परिच्छेदात तुला म्हणायचंय काय? अहो तेच तर लिहिलंय ना! ग्रामर बघून दे म्हटलं तर म्हणे आम्ही प्रूफरीडिंग करत नाही. मग करता काय नक्की? पैसे घेऊन नीट करून देणारं कोणी ओळखीचं आहे का? लवकर सांगा प्लीज.

मंग्या_कोथरूड:
कुठलं कॉलेज? ब्रँच? ब्लॅक बुक (प्रोजेक्ट रिपोर्ट) आहे का सेमिनार रिपोर्ट? कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे टाक, टायपिंग मार्जिन बाइंडिंग सगळं करतो. आत काय लिहिलंय ते आमचा एक्स्टर्नल चाळायचा पण नाही, गाईडची सही असली की झालं.

तिरफळ:
झेरॉक्सवाला ग्रामर बघतो??

मंग्या_कोथरूड:
आमचा बघायचा. स्पेलिंग तरी.

सिन्नरकर_सर:
यूजीसीचे वाङ्मयचौर्याबाबतचे २०१८ चे नियम आधी वाचावेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. १० ते ४० असल्यास सुधारित प्रत सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, ४० ते ६० असल्यास वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. हल्लीची मुलं इकडून तिकडून उचलतात आणि मग धागे काढतात.

लेट_लतीफ:
सर मी काहीही उचललेलं नाहीये. आणि मी ओहायोत आहे, मास्टर्सला. यूजीसी कुठून आलं मधेच?

तिरफळ:
अरे मग ओहायो पहिल्याच ओळीत लिहायचं ना बाबा! आम्ही इथे झेरॉक्सवाले शोधतोय.

मिशिगनची_माई:
मी इकडे शिकताना राइटिंग सेंटरला ट्यूटर होते म्हणून लिहिते. ती मुलगी आळशी नव्हती, तिला तसंच शिकवलेलं असतं. आम्ही पेन हातातच घ्यायचो नाही, कारण एकदा घेतलं की मुलं मान डोलावत बसतात आणि पुढच्या पेपरात परत तेच. मोठ्याने वाचायला लावायचं कारण जिथे अडखळतोस तिथेच बहुतेक वाक्य बिघडलेलं असतं. पण "ग्रामर बघ" असं मोघम सांगून गेलास तर हात हलवत परत येशील. "आर्टिकल (a, an, the) कुठे चुकतात ते या एका पानात दाखव, बाकीची मी शोधतो" असं सांग, मग बसतात ते. सोबत असाइनमेंटचा कागद आणि प्रोफेसरचे शेरे ने.

आणि पैसे देऊन करून घ्यायचं डोक्यातून काढ. दुसऱ्याने लिहिलेलं तुझं म्हणून दिलंस तर अकॅडमिक इंटेग्रिटीची केस, आणि एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असताना सस्पेंड झालास तर प्रकरण सेविसपर्यंत, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीपर्यंत जातं. सेंटर फुकट आहे, म्हणजे फीमध्ये आधीच भरलंयस.

आता सांग, विषय काय, किती पानं, सुरुवात कशी केलीयेस?

लेट_लतीफ:
पब्लिक हेल्थ. सहा पानं, संदर्भ वगैरे एपीए पद्धतीने. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या पाण्यातलं शिसं. सुरुवात चांगली आहे हो माझी, पाणी हेच जीवन, प्राचीन संस्कृती नदीकाठीच वसल्या, सिंधू नाईल वगैरे, मग हळूहळू अमेरिकेवर येतो.

मिशिगनची_माई:
फ्लिंट कितव्या पानावर येतं?

लेट_लतीफ:
तिसऱ्या.

मिशिगनची_माई:
सापडलं. दहावीचा निबंध आहे हा. सरळ सुरू कर: एप्रिल २०१४ मध्ये शहराने डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं घेतलं, पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं ते घातलं नाही, आणि जुन्या पाइपांमधलं शिसं नळात उतरलं. पुढच्याच वाक्यात तुझं म्हणणं, दोष कोणाचा, का. इकडे ते पहिल्या परिच्छेदातच शोधतात. "तुला म्हणायचंय काय" हे ती मुलगी त्यासाठीच विचारत होती.

सिन्नरकर_सर:
प्रस्तावनेशिवाय लेखन म्हणजे थेट अंगावर धावून जाणं. विषयाची पार्श्वभूमी द्यायची ही आपली पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही.

मिशिगनची_माई:
सर, पार्श्वभूमी हवीच, पण फ्लिंटची. नाईल नदीची नाही.

मंग्या_कोथरूड:
सिंधू तरी राहू द्या.

उभा_राहून_बोलतो:
प्रेझेंटेशनबद्दल कोणीच बोलत नाहीये. टोस्टमास्टर्स जॉइन कर, भाषणाचा सराव करायचा क्लब. १९२४ पासून चाललंय, तुमचे अं अं मोजायला वेगळा माणूस बसवतात, वेळ लावायला वेगळा. माझं आयुष्य बदललं.

तिरफळ:
सोमवारी पेपर आहे त्याचा. आयुष्य नंतर बदलेल.

उभा_राहून_बोलतो:
म्हणूनच तर आपली मराठी मुलं मागे पडतात, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं. आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेला नाव दिलं नाही तर बाई स्वतःच घालायच्या.

सिन्नरकर_सर:
आता त्या स्पर्धांतही पाठ केलेली भाषणंच असतात. परीक्षक म्हणून बसतो तेव्हा तिसऱ्या मुलाला पुढचं वाक्य मीच सांगू शकतो.

लेट_लतीफ:
प्रोफेसरने आठ मिनिटं दिलीयेत. घरी बोलून बघितलं तर चौदा होतात.

मिशिगनची_माई:
नाईल काढलीस की तीन गेली 😄 भरभर बोलून आठात बसवू नको, मुद्दे काप. स्लाइडवर परिच्छेद टाकलास की तूच तो वाचत बसणार, तेव्हा आलेख, नकाशा, आकडा एवढंच ठेव. बऱ्याच कॅम्पसवर स्पीकिंग सेंटर वेगळं असतं, तिथे खोली घेऊन समोर बोलायचं, ते रेकॉर्ड करून दाखवतात. तुमच्याकडे नसेल तर राइटिंग सेंटरवालेच प्रेझेंटेशनही ऐकतात का ते विचार. एपीएसाठी पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आऊल साइट उघड, लॉगिनबिगिन लागत नाही, सातवी आवृत्ती बघ.

लेट_लतीफ:
उद्या चारचा स्लॉट मिळालाय, पण तीच मुलगी आहे.

मिशिगनची_माई:
उत्तमच की. पेपर तिला माहितीये, पहिल्यापासून सांगायला नको.

भाचीचा_मामा:
ओहायोत नक्की कुठे? भाची येतेय फॉल सेमिस्टरला, शाकाहारी आहे, रूम शेअरिंगचं काही असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.